पक्ष, साध्य आणि खळ

दहावीला मी भूमितीत काठावर पास झालो. त्या दिवशी मायनं मारुतीला नारळ फोडला आणि मी कंपासपेटी माळ्यावर फेकली. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या चौघांशी माझी फारकत झाली. यापुढं त्रिकोणाशी संबंध आला तर तो समोशापुरता, ही समजूत तीस वर्षं टिकली. गेल्या दिवाळीला दहा दिवस राहिले असताना नववीतल्या पोरीनं ती मोडली.

“पप्पा, यंदा आकाशकंदील घरीच करायचा.”

मी पेपरातनं मान वर न काढता “करू की” म्हणालो. घरच्या कर्त्या माणसाचे बहुतेक अपघात या दोनच शब्दांनी होतात.

आमचं घर बोरीत. महाराष्ट्रात बोऱ्या पुष्कळ. यवतमाळकडं बोरी अरब आहे, मुंबईत बोरीबंदर होतं, म्हणून पत्ता नीट सांगतो : परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरीनंतर येते ती बोरी, तालुका जिंतूर. आमच्या जिल्ह्याबद्दल एक म्हण आहे, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. परगावचा माणूस ही म्हण ऐकली की हमखास विचारतो, “का हो?” यावर परभणीकर हसतो आणि चहा सांगतो. दुसरं उत्तर आमच्याकडं नव्हतं. ते मला एका कंदिलात सापडेल, असं वाटलं नव्हतं.

तर पक्ष असा : एक ओसरी, तिच्या आढ्याला एक जुना खिळा, हाताशी एक हुशार पोरगी आणि एक काठावर पास झालेला बाप. साध्य : वसुबारसेच्या आत कंदील लागला पाहिजे.

सामान आणायला दुकानात गेलो आणि म्हणालो, “रंगीत कागद द्या.” डॉक्टरला नुसतं ‘औषध द्या’ म्हणणाऱ्या पेशंटकडं बघावं, तसं दुकानदारानं माझ्याकडं बघितलं.

“कोणता? घोटीव, पतंगी, क्रेप, जिलेटीन, मार्बल का कार्डशीट?”

मला वाटायचं कागद म्हणजे कागद. पण त्यांच्यातही स्वभाव असतात. घोटीव कागद एका अंगानं झळकतो, दुसऱ्या अंगानं गरीब असतो. लग्नातल्या जावयासारखी त्याची चांगली बाजू कायम बाहेर ठेवावी लागते. पतंगी कागद उजेड छान झिरपवतो, पण खळीचं बोट लागलं की रडवेला होतो. क्रेपला सुरकुत्या मुळातच असल्यामुळं आपण आणखी पाडल्या तरी कुणाला कळत नाहीत. जिलेटीन दिसायला राजस, पण कशालाच चिकटून राहत नाही. आणि कार्डशीट म्हणजे गावातला जुना पुढारी : एकदा वाकवली की त्या घडीवर आयुष्यभर ठाम.

मी सगळेच घेतले. वर कात्री, दोरा, चमकी, टिकल्या. बिल झालं चारशे सत्तर. दुकानदार पैसे मोजत मोठ्या मायेनं म्हणाला, “साहेब, रेडिमेड दीडशेला होता की.”

या घरगुती कागदकामाची आमच्याकडं एक मोठी परंपरा आहे, ती बायकांची. मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहिल्या की पाठीमागं आरास हवीच. आमच्या लहानपणी ही आरास कागदाची असायची : दोऱ्यावर ओळीनं त्रिकोणी पताका, कागदाच्या चुण्या घालून गोल उघडलेले पंखे, चौघडी कागद कातरून केलेल्या जाळ्या. मग मध्येच थर्माकोल आला. गल्लीतली प्रत्येक महालक्ष्मी पांढऱ्याशुभ्र राजवाड्यात राहायला गेली आणि विसर्जनानंतर राजवाड्याचे पांढरे दाणे वर्षभर उंबऱ्यात सापडू लागले. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली आणि घराघरांतून एकच आरोळी उठली, “आता मखर कशाचं करायचं?” माझी माय तेव्हा शांतपणे म्हणाली होती, “आधी कशाचं करत होतो?” अन् जुन्या ट्रंकेतनं कात्री काढून बसली होती.

या कात्रीचं नि मायचं नातं वेगळं आहे. ती शाळेत चौथीच्या पुढं गेली नाही. पण कागदाची घडी घालून, डोळे बारीक करून, कच्-कच्-कच् असे सात घाव घालते आणि उलगडून दाखवते तेव्हा आठ पाकळ्यांचं फूल हातात असतं. आठच्या आठ पाकळ्या सारख्या. मी पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन तेच करायला जातो तेव्हा सात पाकळ्या होतात आणि आठवी हिशेबातली तूट म्हणून दाखवावी लागते.

आता रचना. कंदिलाला कामट्या लागतात. बांबू कोण तासणार म्हणून मी शक्कल लढवली : घरामागं जळणात गेल्या साली काढलेल्या तुराट्या पडल्या होत्या, त्या घेऊ. तूर आमच्या घरची, तुराटी घरची, म्हणजे खर्च शून्य, असं मी पोरीला अर्थशास्त्र समजावून सांगितलं. तासायला घेतल्यावर कळलं, की सरळ तुराटी ही गोष्ट सरळ माणसाइतकीच दुर्मीळ आहे. शेवटी शेजाऱ्यांच्या मोडक्या टोपलीचा बांबू मागून आणला.

पोरीनं वहीत हिशेब मांडून ठेवला होता. एकाच मापाच्या २४ कामट्या, प्रत्येक अठरा सेंटिमीटर. चार-चार बांधून सहा चौकोन करायचे. मग चौकोनाचा कोपरा दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधत जायचं. बस. मी म्हणालो, “आणि त्रिकोण? कंदिलाला त्रिकोण दिसतात ना?”

“ते करायचे नसतात, पप्पा. ते होतात.”

पहिला चौकोन बांधला. उचलला, तर तो झोपला. चार कामट्यांच्या चौकोनाला कणा नसतो, ही गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही. पुस्तकातला चौकोन शाईचा असतो, म्हणून उभा राहतो. हातातला चौकोन एका कोपऱ्याला जरा दाबला की पतंगासारखा तिरका होतो. त्रिकोणाचं तसं नाही. तीन कामट्या बांधल्या की विषय संपला. मोडेल, पण वाकणार नाही. तीस वर्षांपूर्वी सरांनी ‘तीन बाजू दिल्या की त्रिकोण निश्चित होतो’ हे वाक्य पन्नास वेळा लिहून घेतलं होतं. त्यांनी एकदा तीन काड्या हातात दिल्या असत्या तर माझी ४९ वाक्यं वाचली असती.

सहा चौकोन झाले. दोन कामट्या मोडल्या, त्या बदलल्या. मग ओसरीत बसकण मारून मी धरायला आणि पोरगी बांधायला, अशी वाटणी झाली. चौथा चौकोन जोडेपर्यंत सगळा पसारा कोळ्याच्या जाळ्यात सापडलेल्या खाटेसारखा दिसत होता. भिंतीपलीकडनं शेजारचे मामा डोकावले.

“काय करू लालात भाऊ? कोंबड्यांना डालगं का?”

“आकाशकंदील आहे मामा.”

मामांनी वरून बघितलं, बाजूनं बघितलं. “असू द्या. नाहीच जमला तर मपल्या कोंबड्या हायेत.”

मला खरंच वाटू लागलं की कंदिलाचा बोऱ्या वाजला. पण सहावा चौकोन बसला आणि बाराव्या जोडाला पोरीनं गाठ मारली, तशी ती आडवीतिडवी भानगड एकदम फुगून गोल उभी राहिली. आणि चौकोनांच्या मधल्या जागांत, कुणी न बोलावता, त्रिकोण येऊन बसले होते. मी मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठच. प्रत्येक कामटी एका बाजूनं चौकोनाची चाकरी करत होती, दुसऱ्या बाजूनं त्रिकोणाची. सहा पेरले आणि सहाच्या सहा हातात ठेवून वर आठ उगवले. आमच्या सोयाबीनला हे कधी जमलेलं नाही.

पोरगी वहीत लिहीत होती. “पृष्ठं चौदा, कोपरे बारा. चौदा अधिक बारा, सव्वीस. कडा चोवीस अधिक दोन, सव्वीस. ऑयलरचं सूत्र आलं बघा!” मी मोठ्या समाधानानं मान हलवली. ज्या गोष्टी आपल्याला कळत नाहीत त्यांना बाप म्हणून मान हलवणं, हा माझा जुना सराव आहे.

पण सांगाडा उचलला तसा तो कमरेत लचकला. वरचा चौकोन एकीकडं, खालचा दुसरीकडं, आणि सगळा देह पिळा पडल्यासारखा खाली बसला. गाठी सैल आहेत म्हणून मी पोरीला बोललो. नंतर वाचलं, तेव्हा कळलं की दोष गाठींचा नव्हता. या आकृतीची जातच लचकणारी. आर्किमिडीजच्या नावानं जे तेरा घनाकार ओळखले जातात त्यांतला हा एक. बकमिन्स्टर फुलर नावाच्या अमेरिकन माणसानं याच लचकण्याला एका नाचाचं नाव दिलं होतं, ‘जिटरबग’. म्हणजे तिकडं ज्याचा सिद्धान्त झाला, त्याच्यासाठी इकडं मी पोरीला बोल लावला. उपाय सोपा होता : चौकोनांवर कागद ताणून चिकटवला की चौकोनाची खोड जाते आणि कंदील ताठ उभा राहतो. अठरा सेंटिमीटरचा बांबू ज्याला आवरत नाही, त्याला कागद आवरतो. आमच्या तलाठी कार्यालयातही असंच आहे.

कागद कापायला घेतले तेव्हा पहिला जर्मन भेटला.

चौकोनासाठी नमुना म्हणून पोरीनं साधा ए-४ कागद घेतला. २१० मिलिमीटर रुंद, २९७ लांब. एक कोपरा तिरपा दुमडून चौकोन काढला की ८७ मिलिमीटरची पट्टी उरते. मी म्हणालो, “ही मापं कुणा येड्यानं ठरवली? सरळ दोनशे बाय तीनशे ठेवायचं.” पोरीनं मोबाईल काढला. येडा नव्हता, वाल्टर पोर्स्टमान नावाचा जर्मन होता. हा कागद मधोमध फाडला तरी दोन्ही अर्ध्यांचं लांबी-रुंदीचं प्रमाण मूळ कागदाइतकंच राहतं, तो अर्धा फाडा, पुन्हा तेच. १९२२ मध्ये जर्मनीनं ते प्रमाण मानक केलं आणि आज आमच्या ग्रामपंचायतीतला दाखलाही त्याच मापावर निघतो.

दुसरा जर्मन त्रिकोणात दबा धरून होता. मला साठ अंशांचा कोन हवा होता आणि कोनमापक सापडत नव्हता. कंपासपेटी माळ्यावर, माळ्याची शिडी मामांकडं, मामा शेतात. माय ताटात तांदूळ निवडत होती. म्हणाली, “कवाचा काय शोधू लालास? आण इकडं.” तिनं चौकोनी कागद मधोमध दुमडून उलगडला. मधे रेघ पडली. मग खालचा एक कोपरा बोटानं दाबून धरला आणि दुसरा कोपरा उचलून त्या मधल्या रेघेवर नेऊन टेकवला. जिथं टेकला तिथं नखानं खूण केली. “आता ही खूण आन् खालचे दोन कोपरे. कापून टाक.”

कापला. तिन्ही बाजू सारख्या, तिन्ही कोन साठ. पट्टी नाही, कोनमापक नाही, सिद्धता नाही. “हे तुला कुणी शिकवलं?” मी विचारलं. माय म्हणाली, “पोळीला घडी घालायला कोण शिकवतं?”

हीच युक्ती सुंदर राव नावाच्या मद्रासच्या गृहस्थांनी १८९३ मध्ये नुसत्या कागदाच्या घड्यांनी भूमिती शिकवणाऱ्या आपल्या इंग्रजी पुस्तकात सांगितली आहे. पहिला धडा चौकोनाचा, दुसरा या समभुज त्रिकोणाचा. फेलिक्स क्लाइन या नामांकित गणितज्ञानं आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली, आणि मग १९०१ मध्ये ते शिकागोतनंही निघालं. क्लाइन कुठला? जर्मनीचा. आणि सुंदर रावांना कल्पना सुचली कशावरून? बालवाडीतल्या मुलांना द्यायच्या घडीकामाच्या कागदांवरून. ते कागद मुलांच्या हाती दिले फ्रेडरिक फ्रोबेलनं, ज्यानं १८४० मध्ये बालवाडीला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. तोही जर्मन. चार पट्ट्या विणून जर्मनीत नाताळाला जो कागदी तारा करतात, त्याला त्याचंच नाव आहे. आपल्याकडं ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये खेड्यातल्या बालवाडीचं काम सुरू केलं ते बोर्डीला. बोर्डी आणि बोरी यांत एका अक्षराच्या गाठीचा फरक आहे; तेवढ्यावरून श्रेय मागावं इतका मी पुढारी नाही, पण बघून ठेवलंय.

चिकटवायचं काम रात्री. बाजारातली डिंकाची बाटली पहिल्या चौकोनालाच संपली, म्हणून मायनं चुलीवर खळ शिजवली : वाटीभर कणीक, पाणी, सतत ढवळत राहायचं, गुठळी झाली की बोलणी खायची. त्या खळीचा वास इतका घरगुती की पोरीनं विचारलं, “गूळ कुठंय?” कामटीच्या बाहेर कागदाची दीड सेंटिमीटर पाळी सोडायची, पाळीला खळ लावायची, कामटीवरनं आत वळवायची आणि बोटानं निपटत जायची. बोटं मात्र निपटता येत नाहीत. पहिल्या तासात मला कागद चिकटला, दुसऱ्या तासात मी कंदिलाला चिकटलो. चौकोन केशरी, त्रिकोण हिरवे. वरचा एक चौकोन बल्ब सोडायला मोकळा ठेवला.

खळ वाळेपर्यंत मी मोबाईल घेऊन बसलो, आणि चौथा जर्मन सोडाच, अख्खी शाळाच सापडली. जर्मनीत नीस्की नावाचं गाव आहे. तिथल्या मिशनच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांकडनं कागदी तारा करून घेतला, तोही भूमितीच्या तासाला. तो तारा आज ‘हेर्नहूट तारा’ म्हणून नाताळात तिकडं दारोदार लागतो. त्याच्या पोटातल्या आकृतीला १८ चौकोन आणि ८ त्रिकोण. टांगायला एक चौकोन मोकळा ठेवतात, म्हणून टोकं पंचवीसच. मी ओसरीतल्या आमच्या केशरी-हिरव्या गाठोड्याकडं बघितलं. त्यांचे चौकोन जास्त, पण त्रिकोण आठ, आमचेही आठ. त्यांचाही एक चौकोन मोकळा, आमचाही. दोन्ही थंडीच्या तोंडाशी दारात लागतात. जगात जर्मनी, भारतात परभणी! परगावच्या माणसाला आता नुसता चहा सांगायची गरज नाही. कंदील दाखवून मग चहा सांगता येईल.

सकाळी उठून बघतो तर आमचे त्रिकोण सहाच. शेजारच्या मामांची शेळी रात्री दावं सोडून ओसरीत आली होती. कणकेची खळ, हिरवा कागद. तिच्या बाजूनं विचार केला तर तिचं काय चुकलं? मामा धावत आले. “भाऊ, नुकसान भरून देतो. किती झालं?”

“दोन त्रिकोण.”

मामांनी खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला. त्रिकोणाचा भाव बाजार समितीत निघत नसल्यामुळं विषय तिथंच मिटला. मायनं नखानं खुणा करून दोन नवे त्रिकोण कापले. आणि त्या ए-४ च्या उरलेल्या पट्टीच्या मापानं पोरीनं रंगीत कागदाच्या झिरमिळ्या कातरल्या. ८७ मिलिमीटर कशासाठी उरतात, याचं उत्तर पोर्स्टमानला ठाऊक नसेल; आम्हाला आहे.

वसुबारसेच्या संध्याकाळी कंदील टांगला. आधी फार वर, मग फार खाली, मग गल्लीनं सुचवलं तिथं. माझ्या लहानपणी कंदिलात साठचा बल्ब सोडायचे आणि लक्ष्मीपूजनापर्यंत कागद करपून तपकिरी व्हायचा. आता एलईडी आहे, कागदाला ताप नाही. बटण दाबलं. लागला. केशरी उजेड ओसरीत उतरला, भिंतीवर कामट्यांच्या सावल्यांची नक्षी उमटली, आणि वाऱ्यानं कंदील फिरला तशी ती नक्षी मायच्या पातळावरनं हळूच सरकत गेली. कुणी काही बोललं नाही. मग लाईट गेली. पण ती जाणारच होती. कंदिलाची त्यात काही चूक नाही.

अंधारात मामांचा आवाज आला, “भाऊ, पुढच्या साली मपल्याला बी एक.”

तुम्हालाही करायचा असेल तर अवश्य करा. दीडशेच्या कंदिलाला पाचशे रुपये पडतील, दोन रात्री जातील आणि बोटं आठवडाभर कणकेची लागतील. शेळी बांधून ठेवा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर कोनमापक शोधू नका. आणि कामट्या २४ लागतात, पण २६ तासा. ऑयलरच्या सूत्रात कडांच्या पुढं ‘अधिक दोन’ कशाला असतं, हे मला आता पक्कं कळलं आहे. दोन मोडतातच.